शिकागोची दुसरी फेरी

गुरुवार, ३० मार्च २०२३

माझी सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभाग कार्यालयात झाली. त्यामुळे नव्या गावी पाऊल टाकलं की कचरा कोण उचलतं, पाण्याचं बिल कुठे भरायचं आणि वॉर्डाचा माणूस कोण, हे मी आधी विचारते. शिकागोला भाचीकडे जायचं बरेच दिवस घाटत होतं. तारखा ठरवताना मीच म्हटलं, मला ४ एप्रिलला तिथे असायचंय. तळं, उंच इमारती, कला संग्रहालय हे सगळं राहील तिथेच. त्या दिवशी या शहराचा महापौर निवडला जाणार होता, तोही दुसऱ्या फेरीत, आणि हा प्रकार मला डोळ्यांनी बघायचा होता.

ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन, मग जॅक्सनला रेड लाइन बदलून उत्तरेकडे ग्रॅनव्हिल. भागाचं नाव एजवॉटर. लेक मिशिगन इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून घरापर्यंत खिडक्यांत आणि अंगणात पाट्याच पाट्या. काही ब्रँडन जॉन्सन यांच्या, काही पॉल व्हॅलस यांच्या, आणि त्यांच्या शेजारी वॉर्डाच्या उमेदवारांच्या. एका इमारतीत तर वरच्या खिडकीत एक आणि खालच्या खिडकीत दुसरा.

पहिली फेरी २८ फेब्रुवारीला झाली होती. नऊ जण उभे होते. विद्यमान महापौर लोरी लाइटफूट यांना जेमतेम १७ टक्के मतं पडली आणि त्या तिसऱ्या आल्या. २०१९ साली याच बाईंनी दुसऱ्या फेरीत शहरातले सगळे ५० वॉर्ड जिंकले होते. महापौरपदावर आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि समलिंगी असल्याचं उघड सांगणारी पहिली महापौर. चार वर्षांत करोना, गुन्हेगारी, शिक्षकांशी आणि पोलिसांशी भांडणं, आणि शहराने त्यांना दुसऱ्या फेरीतसुद्धा येऊ दिलं नाही. व्हॅलस यांना ३३ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, जॉन्सन यांना २२ टक्क्यांच्या. निम्म्याहून जास्त कुणालाच नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत पुन्हा मतदान.

आपल्याकडे ३३ टक्केवाल्याने त्याच रात्री गुलाल उधळला असता. इथे त्याला आणखी पाच आठवडे उन्हातान्हात, खरं म्हणजे थंडीवाऱ्यात, दारोदार फिरावं लागलं. तेही कुणाकडे, तर ज्यांनी त्याला नाकारलं त्यांच्याकडे. मला नेमकं तेच बघायचं होतं.

भाची आणि जावईबापू अलीकडेच इथले नागरिक झाले आहेत. महापौरासाठी मतदान करायची दोघांचीही ही पहिलीच वेळ. पहिल्या फेरीत जावयाने व्हॅलसना मत दिलं होतं आणि भाचीने चुई गार्सियांना. गार्सिया चौथे आले. "म्हणजे मावशी, माझं मत आता मोकळं आहे," भाची म्हणाली. जावई लगेच म्हणाला, "म्हणून तर महिनाभर घरात प्रचार चाललाय."

संध्याकाळी डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स जॉन्सन यांच्या सभेला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या इथल्या मोठ्या क्रीडागृहात येणार होते. भाचीच्या मैत्रिणी निघाल्या होत्या. मला डोळे उघडे ठेवणं मुश्कील झालं होतं, मी वरणभात खाऊन झोपले.

शुक्रवार, ३१ मार्च

दिवसभर घरीच. संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, टोर्नेडो वादळाचा इशारा. इथून शंभरेक किलोमीटरवर बेल्व्हिडिअर गावात एका जुन्या नाट्यगृहाचं छप्पर कोसळलं, त्यात एक जण गेला. आम्ही दिवाणखान्याच्या मधोमध बसून बातम्या पाहत राहिलो.

हवामानाने इथे महापौर पाडल्याचा इतिहास आहे. जानेवारी १९७९ मध्ये शहर बर्फाखाली गाडलं गेलं, रस्ते साफ होईनात, गाड्या स्टेशनांवर न थांबता जाऊ लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मायकल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवलं. पाणी तुंबल्यावर कुणाचे फोन वाजतात आणि कुणाचे नाही, हे मी दादरला पावसाळ्यामागून पावसाळे पाहिलंय. इथे पालिकेच्या कारभाराचा जाब विचारायला एक चेहरा आहे. शहर बर्फात अडकलं तर लोक त्याचंच नाव घेतात.

शनिवार, १ एप्रिल

गार वारा, पण ऊन. १५५ नंबरची बस पकडून डेव्हन अॅव्हेन्यूला गेलो. साड्यांची दुकानं, सोनार, मिठाईवाले, मोबाइलवाले. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघालं. ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, ओल्या हळदीचे कोंभ, सगळं मिळालं. या रस्त्याच्या एकेका तुकड्याला मानाची नावं दिली आहेत: गांधी मार्ग, पुढे मोहम्मद अली जिना मार्ग, शिवाय शेख मुजीब आणि गोल्डा मेयर यांचीही. एका बसच्या फेरीत एवढी मंडळी भेटतात.

रमझान चालू होता. सूर्य कलायला लागला तसे हॉटेलांच्या दारात टेबलं लागली, खजूर आणि भजी ताटांत मांडून लोक घड्याळाकडे बघत उभे. आम्ही ज्या कपड्याच्या दुकानात शिरलो तिथल्या गुजराती बाई मला मराठीत "या बसा" म्हणाल्या. दहिसरला वाढलेल्या. त्यांचं मत ठरलेलं होतं: व्हॅलस. मागच्या वर्षात दुकानाची काच दोनदा फुटली होती. "पोलीस येतात, लिहून घेतात, जातात. मला पोलीस आधी यायला हवेत."

बाहेर पदपथावर एक टॅक्सीचालक भेटले, मूळचे लाहोरचे. मुलं सरकारी शाळेत. त्यांचं मत तितकंच ठरलेलं, जॉन्सनना. कारण विचारलं तर म्हणाले, जो माणूस स्वतः वर्गात उभा राहिलाय त्याला शाळेचं छप्पर गळतं म्हणजे काय ते कळतं.

या दोन वाक्यांत ही अख्खी निवडणूक होती. दोघंही उमेदवार डेमोक्रॅट, आणि मतपत्रिकेवर तर पक्षाचं नाव नसतंच. पण वाटा वेगळ्या. व्हॅलस ६९ वर्षांचे. १९९५ ते २००१ शिकागोच्या सरकारी शाळांचे प्रमुख, मग फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्समध्ये तेच काम. आकडेमोडीत मुरलेले. पोलिसांच्या संघटनेचा त्यांना पाठिंबा, आणि प्रचाराचा गाभा एकच: दलात माणसं भरा, रस्ते सुरक्षित करा. जॉन्सन ४७ वर्षांचे, पाद्र्याच्या घरातली दहा भावंडं, आधी शिक्षक, मग शिक्षक संघटनेचे संघटक, २०१८ पासून कुक काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मंडळावर. त्यांचं म्हणणं, नुसत्या पोलिसांनी गुन्हे थांबत नाहीत. तपास करणारे २०० नवे डिटेक्टिव्ह तयार करा, पण त्याच्या जोडीला तरुणांना काम, मानसिक आरोग्याची केंद्रं, आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांवर आणि दहा लाख डॉलरच्या वरच्या घरांच्या विक्रीवर कर. काही महिने आधी त्यांचं नाव शहरात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना घरात पुन्हा तोच विषय. जावई शांतपणे म्हणाला, "मावशी, ही हॉस्पिटलमधून रेड लाइनने रात्री अकराला येते. मला बाकीचं नंतर." भाची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, "मी येते म्हणून मला माहीत आहे. डब्यात झोपलेली माणसं असतात. त्यांना घर नाही. त्यांच्यासाठी पोलीस काय करणार?" दोघांचंही खरं होतं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, मला मतही नव्हतं.

रविवार, २ एप्रिल

आज पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार. भाचीच्या हॉस्पिटलमधल्या एक ज्येष्ठ नर्स आम्हाला त्यांच्या गाडीतून साउथ साइडला, ब्रॉन्झव्हिलला घेऊन गेल्या. कृष्णवर्णीय, साठीच्या, गेली चाळीस वर्षं याच भागात.

आधी किंग ड्राइव्ह आणि २६वा रस्ता मिळतात तिथे थांबलो. रस्त्याच्या मधोमध ब्राँझचा एक पुरुष उभा आहे, हातात दोरीने बांधलेली सूटकेस, दुसरा हात उंचावलेला, तोंड उत्तरेला. जवळ गेलं की दिसतं, अंगावरचा सूट कापडाचा घडवलेलाच नाही. तो झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा आहे, तळव्यावर तळवा, खवल्यांसारखा. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, तिथल्या जाचातून पळून विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेला आले, त्यांचं हे स्मारक. शिल्पकार अॅलिसन सार, साल १९९६. मला बोटीतून भाऊच्या धक्क्याला उतरणारा, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतलेला आमचा कोकणातला चाकरमानी आठवला. गिरणगाव अशाच माणसांनी भरलं. मी त्या बुटाच्या तळव्यांवर हात ठेवून बराच वेळ उभी होते. नर्सबाईंनी घाई केली नाही.

चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात ताडाच्या पानाची हिरवी पट्टी. गाणी इतकी जोरकस की बाकं थरथरत होती. पाद्र्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण मंगळवारी मतदानाला जा, आणि शेजाऱ्यालाही घेऊन जा, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

नंतर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी घेताना नर्सबाई बोलत होत्या आणि बोलता बोलता त्या पानाची घडी घालत होत्या. एक दुमड आडवी, एक उभी, टोक आत खोचलं, की क्रूस तयार. नजर माझ्याकडे, बोटं आपली चालूच. पहिल्या फेरीत त्यांनी लाइटफूटना मत दिलं होतं. "चुकली असेल, पण आमची होती." आता जॉन्सन. कारण? २०१३. त्या वर्षी महापौर रॅम इमॅन्युएल यांच्या काळात शिकागोने एका झटक्यात सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या. त्यांच्या नातीची शाळा त्यात होती. पोर रोज वेगळ्या टोळीच्या हद्दीतून चालत जायची. शाळांचा कारभार धंद्यासारखा चालवणाऱ्या माणसांवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. व्हॅलस त्यांना त्या माळेतले वाटतात.

मग त्यांनी पर्समधून एक जुना निळा बिल्ला काढला. हॅरॉल्ड वॉशिंग्टन, १९८३. तेव्हा त्या विशीत होत्या, आणि तो बिल्ला साउथ साइडला प्रत्येकाच्या छातीवर होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत तिघं: महापौर जेन बर्न, जुन्या महापौरांचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली आणि वॉशिंग्टन. गोऱ्यांची मतं पहिल्या दोघांत फुटली, वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर निघाले. शिकागोत डेमोक्रॅट उमेदवार ठरला की निकाल लागल्यातच जमा असायचा. त्या वर्षी मात्र लाखो डेमोक्रॅट मतदारांनी रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांना मतं दिली, फक्त समोरचा माणूस काळा म्हणून. मतदान ८० टक्क्यांच्या वर गेलं. वॉशिंग्टन साधारण ५२ टक्क्यांनी निवडून आले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. नोव्हेंबर १९८७ मध्ये ते कार्यालयात काम करतानाच गेले. हे सांगताना बाईंची बोटं पहिल्यांदा थांबली.

परतताना ४७व्या रस्त्यावर वॉशिंग्टन यांच्या नावाच्या केंद्राबाहेरचा त्यांचा पुतळा पाहिला. बाईंनी गाडी हळू केली, उतरल्या नाहीत.

सोमवार, ३ एप्रिल

आज शहराचा मध्यभाग, ज्याला इथे लूप म्हणतात. भाचीला सुट्टी नव्हती, मी एकटीच गेले.

सिटी हॉल ला सॅल स्ट्रीटवर, अर्धी इमारत शहराची आणि अर्धी काउंटीची. बाहेर भले थोरले खांब, आत संगमरवर. नगरसेवकांचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, महापौर पाचव्या मजल्यावर. 'पाचवा मजला' म्हटलं की इथे महापौर असंच समजतात. सभागृहात ५० जण, प्रत्येक वॉर्डाचा एक ऑल्डरपर्सन. प्रत्येकाला वॉर्डातल्या रस्ते-पदपथ-दिव्यांसाठी वर्षाला पंधरा लाख डॉलर मिळतात. आपल्या नगरसेवक निधीचीच जात, हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण पोलीस प्रमुख नेमणं, खात्यांचे प्रमुख नेमणं, अर्थसंकल्प मांडणं हे सगळं महापौराकडे. शहराचा या वर्षीचा अर्थसंकल्प सुमारे १६४० कोटी डॉलरचा. आपल्याकडे आयुक्त जे करतात ते, आणि वर लोकांना तोंड देणं, दोन्ही एकाच खुर्चीत.

क्लार्क स्ट्रीटवरच्या मोठ्या मतदान केंद्रावर आगाऊ मतदान चालू होतं. दारावर सूचना इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, पोलिश आणि हिंदीत. देवनागरी अक्षरं बघून मी उगाच दोनदा वाचली. आत जायचं कारण नव्हतं, पण काचेतून रांग दिसत होती. ऑफिसला निघालेले, व्हीलचेअरवरच्या आजी, एक बांधकाम मजूर हेल्मेट काखेत घेऊन.

दुपार हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्याच नावाच्या ग्रंथालयात काढली. १९९१ची ती लाल विटांची प्रचंड इमारत, छपरावर पंख पसरलेली घुबडं. तिथे बसून मी या दुसऱ्या फेरीचं, रनऑफचं, मूळ शोधलं. १९९५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा बदलला: शिकागोच्या महापौराची निवडणूक पक्षांच्या नावाने होणार नाही, सगळे एकत्र उभे राहतील, निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. तीन जणांत मतं फुटून ३६ टक्क्यांनी वॉशिंग्टन पुढे आले होते, तसं पुन्हा होऊ नये हा यामागचा हिशेब होता, असं साउथ साइडचे लोक आजही म्हणतात. अशी कल्पना वॉशिंग्टन महापौर असतानाच त्यांच्या विरोधकांनी मांडली होती, तेव्हा हे म्हणणं हवेतलं नाही.

१९९९ पासून नवी पद्धत आली. डेली पहिल्याच फेरीत जिंकत गेले, २०११ मध्ये इमॅन्युएलसुद्धा. खरी दुसरी फेरी पहिल्यांदा लागली २०१५ साली, इमॅन्युएल विरुद्ध तेच चुई गार्सिया. मग २०१९: चौदा उमेदवार, आणि अंतिम लढत लाइटफूट आणि टोनी प्रेकविंकल या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये. ज्या कायद्याने वॉशिंग्टनसारख्यांची वाट अडेल असं वाटलं होतं, त्याच वाटेने त्या दोघी पार शेवटच्या टप्प्यापर्यंत आल्या. वाचनालयाच्या टेबलावर हे टिपताना मला मनापासून आनंद झाला.

मंगळवार, ४ एप्रिल

मतदान सकाळी सहा ते संध्याकाळी सात. ढगाळ हवा. भाचीची दुपारची पाळी, म्हणून दोघं सकाळीच निघाले, मी मागून. आमचं केंद्र ब्रॉडवे आर्मरी, पूर्वी लष्करी कवायतींसाठी बांधलेली जागा, आता क्रीडा केंद्र. दारापासून शंभर फुटांवर निळे शंकू मांडलेले, त्यांच्या आत प्रचार बंद. शंकूंच्या बाहेर कार्यकर्ते पत्रकं घेऊन उभे, ४८व्या वॉर्डाच्या दोन्ही उमेदवारांचे. कारण महापौराबरोबर शहरातल्या १४ वॉर्डांतही आज दुसरी फेरी होती, आणि हा त्यातला एक. इथे लेनी मानाआ-हॉपनवर्थ आणि जो डन.

शंकूंच्या बाहेरच्या त्या वीस मिनिटांत मी जे पाहिलं त्यासाठी मी एवढ्या लांब आले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्यकर्तीला सांगितलं, मी पहिल्या फेरीत दुसऱ्याच कुणाला मत दिलं होतं. ती मुलगी म्हणाली, कुणाला? त्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला त्यांच्यातलं काय आवडलं होतं? गृहस्थ म्हणाले, ते भाडेकरूंबद्दल बोलायचे. मग तिने आपल्या उमेदवाराचं भाडेकरूंबद्दल काय म्हणणं आहे ते सांगितलं, पत्रकावर बोट ठेवून. गृहस्थांनी तीन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिला आलं नाही, तिने तसं सांगितलं आणि फोन करून विचारलं.

हरलेल्या उमेदवाराच्या मतदाराला काय आवडलं होतं, हा प्रश्न आमच्या निवडणुकांत मी कधी ऐकलेला नाही. निकाल लागला की त्याचं मत वाया गेलं, इतकंच. इथे त्याच्याकडे परत येऊन विचारावं लागतं, कारण त्याच्याशिवाय पन्नास टक्के होत नाहीत. वरच्या पातळीवरही तेच चाललं होतं. गार्सियांनी जॉन्सनना पाठिंबा दिला, प्रेकविंकलनीही. नऊ टक्के मतं घेतलेले व्यावसायिक विली विल्सन व्हॅलसच्या बाजूला गेले, सिनेटर डिक डर्बिनही. पण नेत्याने सांगितलं म्हणून मतदार गेलाच असं नाही, हे रात्री दिसलं.

भाची दहा मिनिटांत बाहेर आली. ओळखपत्र मागितलंच नाही, सही जुळवून पाहिली. बोटाला शाई नव्हती, कोटावर स्टिकर होतं. जावई तिच्या मागून. कुणी कुणाला मत दिलं हे एकमेकांना विचारलं नाही, सगळ्यांना माहीतच होतं. भाचीने ठरवलं होतं ते गार्सियांच्या शब्दामुळे नाही. हॉस्पिटलमध्ये रात्री येणारी माणसं तिने पाहिली होती, त्यांच्यामुळे.

संध्याकाळी सातनंतर टीव्ही. न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी ट्रम्प न्यायालयात हजर झाले होते, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची निवडणूक होती, त्यामुळे राष्ट्रीय वाहिन्यांना शिकागोकडे बघायला फार वेळ नव्हता. आम्ही स्थानिक वाहिनी लावली. सुरुवातीला दोघं अगदी बरोबरीने. जावई पिठलं ढवळत ढवळत आकडे वाचत होता. मग साउथ आणि वेस्ट साइडचे वॉर्ड येऊ लागले. पहिल्या फेरीत तिथे लाइटफूट पुढे होत्या, आता जॉन्सन, आणि साधे पुढे नाहीत, बऱ्याच ठिकाणी दर पाचातली चार मतं त्यांची. विल्सन यांच्या शब्दाचा तिथे उपयोग झाला नाही. साडेनऊच्या सुमारास निकाल जाहीर झाला. जॉन्सन.

व्हॅलस यांनी आपल्या लोकांसमोर येऊन सांगितलं की त्यांनी जॉन्सनना फोन केला आहे, आणि शहराने आता एकत्र यावं. हॉलमधून नाराजीचे आवाज आले, तरी ते बोलायचं ते बोलले. नंतर मॅककॉर्मिक प्लेसजवळच्या हॉटेलात जॉन्सन. ४ एप्रिल हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचा दिवस, १९६८चा. त्यांचा उल्लेख झाला तेव्हा हॉल उभा राहिला. आणि मग ज्यांनी मला मत दिलं नाही त्यांना म्हणून ते थेट बोलले: तुमचं ऐकायचं आहे, तुमच्याबरोबर काम करायचं आहे, मी तुमचाही महापौर आहे. जावई एकदम म्हणाला, "म्हणजे माझ्याशी बोलतोय."

बुधवार, ५ एप्रिल

सकाळी खाली जाऊन 'ट्रिब्यून' आणि 'सन-टाइम्स' दोन्ही घेतले. नकाशा बघण्यासारखा. व्हॅलसचे पक्के वॉर्ड शहराच्या वायव्य आणि नैऋत्य कडेला: एडिसन पार्क, माउंट ग्रीनवुड. शहराच्या नोकरांनी शहरातच राहायचं असा इथे नियम आहे, त्यामुळे पोलीस आणि अग्निशमन दलाची हजारो कुटुंबं हद्दीच्या अगदी आतल्या बाजूला घर करतात. जॉन्सन यांचे वॉर्ड दोन वेगवेगळ्या शहरांसारखे: एकीकडे दक्षिण आणि पश्चिम, दुसरीकडे आमच्यासारखा उत्तरेचा तळ्याकाठ. पहिल्या फेरीत त्यांच्याकडे मुख्यतः हा दुसरा भाग होता. पाच आठवड्यांत त्यांनी पहिला जोडला.

हे लिहीपर्यंत टपाली मतं मोजून अंतिम आकडे आले आहेत, तेही इथेच देते. जॉन्सन ५२ टक्क्यांच्या थोडे वर, ३ लाख १९ हजार मतं. व्हॅलस ४८ टक्क्यांच्या जवळ, २ लाख ९३ हजार. फेब्रुवारीत जॉन्सनना १ लाख २२ हजार आणि व्हॅलसना १ लाख ८६ हजार होती. म्हणजे पहिल्या आलेल्याने लाखभर नवी माणसं मिळवली, दुसऱ्या आलेल्याने जवळपास दोन लाख. सगळी निवडणूक या वजाबाकीत आहे. मतदान मात्र ३९ टक्क्यांच्याही आतच. १९८३चा निळा बिल्ला ज्यांच्याकडे आहे त्यांना हे टोचतं, आणि मलाही टोचलं. एवढी चांगली पद्धत, आणि शंभरातले साठ घरीच. आमच्या वॉर्डात आज फरक थोडा होता, टपाली मतं यायची होती. शेवटी मानाआ-हॉपनवर्थ निवडून आल्या.

दुपारी नर्सबाईंचा फोन आला. आनंद होताच, पण पहिलं वाक्य कामाचं: नातीच्या जुन्या शाळेची इमारत अजून रिकामी पडून आहे, नव्या माणसाला त्याचं पत्र पाठवणार. शपथविधी १५ मेला, त्यांनी तारीख आधीच लिहून ठेवली होती. जावई म्हणाला, तोही लिहिणार, रेड लाइनबद्दल. "मत दिलं नाही म्हणून काय झालं, तो म्हणालाय ना."

संध्याकाळी शेजारच्या घरातलं वयस्क पोलिश जोडपं चहाला आलं. आजोबांनी अगदी सहज विचारलं, तुमच्या मुंबईचा महापौर कोण? मी त्यांना नीट सांगितलं. आमचं शहर लोकसंख्येने याच्या कितीतरी पट मोठं. यंदाचा अर्थसंकल्प ५२ हजार ६१९ कोटी रुपयांचा. महापौर लोक निवडत नाहीत, २२७ नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीने ठरतं. खरा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. पण सध्या नगरसेवकच नाहीत. त्यांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून आयुक्तच प्रशासक आहेत. प्रभागांची संख्या आणि ओबीसी आरक्षण यावरून प्रकरण न्यायालयात आहे. पुण्यात तेच, ठाण्यात तेच, नागपुरातही तेच.

आजोबांनी कप खाली ठेवला. "मग निवडणूक कधी?"

मी म्हटलं, तारीख जाहीर झालेली नाही.